दर चवथीला तीच भेग: घराखाली पाईल घालावे का, आणि कुठले?

चवथीच्या आधी रंगकाम निघतं, रंगारी भेगेत पुट्टी दाबतो, भिंत नवी दिसते. शिगमा येईपर्यंत भेग परत त्याच जागी. तिसऱ्या वर्षी घरमालक मोबाईलवर कुठला तरी अमेरिकेतला व्हिडिओ बघतो. त्यात आख्खं घर लोखंडी नळ्यांवर उचललेलं असतं. मग मला फोन येतो, "तुमच्याकडे ते पिअर घालून देतात का?"

देतो. पिअर म्हणा की पाईल, म्हणजे पायाखालून खोल घट्ट थरापर्यंत नेलेले, घराचा भार घेणारे बारीक खांब. गोव्यात चोडण, दिवाडी, मेरशी, ताळगावची सखल बाजू, इकडे फोंडा-डिचोलीतले डोंगरउतार, अशा ठिकाणी बसलेली घरं थांबवण्याची कामं मी गेली अठरा वर्षं करतोय. पण ज्यांनी पाईलसाठी बोलावलं त्यांच्यातल्या निदान निम्म्या घरांना पाईलची गरज नव्हती. आणि ज्यांना होती, त्यातल्या काहींनी आधीच चुकीचे पाईल घालून पैसे बुडवले होते. म्हणून हे सगळं एकदा लिहून ठेवतो. क्रम तोच, जो मी साईटवर पाळतो: आधी बिनपैशाचं, मग स्वस्त, मग खर्चाचं.

आधी लक्षणं नीट बघा

चिऱ्याच्या भिंतीत पाया बसल्याची भेग सांध्यासांध्यातून पायऱ्या उतरल्यासारखी तिरकी जाते. बहुधा खिडकीच्या किंवा दाराच्या कोपऱ्यातून सुरू होते. ती वर रुंद आणि खाली निमुळती असेल, तर घराचं टोक किंवा कोपरा खाली जातोय. खाली रुंद आणि वर निमुळती असेल, तर मधला भाग बसतोय. एवढ्यावरून अर्धं निदान होतं. तरी फोटो पाठवणारे लोक भेगेचा मधलाच तुकडा पाठवतात. टोकं दाखवा, टोकं!

सोबतची लक्षणं अशी: दार एका वरच्या कोपऱ्यात घासतं, स्कर्टिंग आणि लादी यांच्यात फट पडते, फरशीवर टाकलेली गोटी दर वेळी एकाच भिंतीकडे पळते. दार फक्त पावसात घासत असेल आणि मे महिन्यात मोकळं होत असेल, तर लाकूड फुगतंय. पायाला दोष देऊ नका.

आता जी भेग पायाची नसते ती. स्लॅबच्या लगेच खाली भिंतभर आडवी गेलेली भेग बहुतेक वेळा उन्हाने स्लॅब ताणल्याची. काँक्रीटचा खांब आणि चिऱ्याची भिंत जिथे भेटतात तिथली सरळ उभी भेग दोन वेगळ्या मालांच्या सांध्याची, गिलाव्याखाली जाळी न घातल्याची. गिलाव्यावरचं कोळ्याचं जाळं म्हणजे नुसता गिलावा सुकला. बाल्कांव (दारापुढची बसायची पडवी) किंवा पुढच्या पायऱ्या घरापासून सुटल्या असतील, तर त्यांचा पाया वेगळा आणि उथळ असतो. त्या सुटल्या म्हणून घर चाललं असं होत नाही.

पहिली तपासणी: पेन्सिल आणि तारीख

भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने आडवी रेघ मारा, बाजूला तारीख लिहा. भेगेवर काचेची पातळ पट्टी दोन्ही बाजूंना सिमेंटने चिकटवा. हलली की काच तडकते. रुंदी दर महिन्याला मोजा, शक्यतो पावसाळ्याआधी सुरू करून पुढच्या उन्हाळ्यापर्यंत. गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. जमिनीची परीक्षा तेव्हाच होते. त्यामुळे पावसाळा न बघता केलेलं निदान मी अर्धवटच धरतो.

हे का करायचं? कारण थांबलेली भेग आणि चालती भेग यांचा इलाज वेगळा. दहा वर्षांपूर्वी बसून आता स्थिर झालेल्या घराला पाईल घालणं म्हणजे बरा झालेला पाय पुन्हा प्लास्टरमध्ये घालणं. अशी भेग शिवून घ्या आणि रंगवा.

रुंदीसाठी ब्रिटनच्या बीआरई या बांधकाम संशोधन संस्थेची वर्गवारी मला उपयोगी पडते. ५ मिलिमीटरपर्यंतचं नुकसान बव्हंशी दिसण्यापुरतं, ५ ते १५ म्हणजे दारं-खिडक्या अडकू लागतात आणि दुरुस्ती खरी लागते, १५ ते २५ गंभीर, त्यापुढे इमारतीच्या स्थैर्याचाच प्रश्न.

दुसरी: पाणीनळी

दहा मीटर पारदर्शक नळी घ्या, रंगीत पाणी भरा, बुडबुडा राहू देऊ नका. चिऱ्याचे थर बांधताना मिस्त्रीने दोरी लावून पातळीतच बांधले होते, म्हणून एकच थर धरून घराभोवती फिरा. प्रत्येक कोपऱ्यावर तो थर पाण्याच्या पातळीपेक्षा किती खाली गेलाय ते लिहा. घराचा साधा नकाशा काढून त्यावर आकडे टाकले की कुठला कोपरा पळतोय ते डोळ्यांसमोर येतं. मागच्या वर्षी एका घरी सगळ्यांचं लक्ष दिवाणखान्यातल्या भेगेकडे होतं. पाणीनळीने दाखवलं की खाली गेला होता न्हाणीघराचा कोपरा, सात मीटर लांब. भेग तिथे पडत नाही जिथे घर बसतं. जिथे भिंत कमजोर असते तिथे पडते.

तिसरी: पाणी कुठे मुरतंय

माझ्या मते हीच सगळ्यात मोलाची तपासणी, आणि लोक हीच टाळतात.

जांभ्याच्या पठारांवर वरचा एक ते तीन मीटर थर कुदळ परत पाठवतो, पण त्याच्या पोटात पांढरट-पिवळी-गुलाबी, गुळगुळीत माती असते. कोरडी असेपर्यंत ती उत्तम भार घेते. पाणी लागलं की साबण. म्हणजे "आमच्याकडे जांभा आहे, आम्हाला काय भीती" हे अर्धंच खरं. किनारपट्टीच्या वाळूत दुखणं वेगळं. फुटलेल्या नळातून पाण्यासोबत बारीक वाळू वाहून जाते आणि पायाखाली पोकळी होते.

तेव्हा बघा: पागोळ्यांचं पाणी जोत्याला लागूनच पडतंय का? गच्चीचा पाईप जमिनीवर मोकळा सोडलाय का? शोषखड्डा भिंतीपासून किती दूर? अंगणातले पेव्हर घराकडे उतरतात का? रात्री सगळे नळ बंद करून टाकीची पातळी खुणेवर ठेवा, सकाळी बघा. सांडपाण्याची लाईन एका टोकाला बूच मारून पाण्याने भरा आणि तासभर थांबा.

न्हाणीघराच्या ज्या कोपऱ्याचं वर लिहिलं, तिथे जोत्याखालचा सांडपाण्याचा सांधा निखळला होता. लाईन बदलली, पाणी बाहेर गटारात नेलं, काचपट्टी लावली. दोन पावसाळे काच शाबूत आहे. त्या घरमालकाच्या हातात माझ्या आधीच्या कंत्राटदाराचं बावीस पाईलचं कोटेशन होतं.

पाणी दुरुस्त केल्यावर एक पूर्ण पावसाळा थांबा. भेग पाच मिलिमीटरच्या आत असेल तर घाई करायचं कारण नाही.

चौथी: म्हाताऱ्यांना विचारा

जमीन आधी काय होती? शेत, तळी, खाजन, की उतारावरची कापणी-भरणी? खाजन म्हणजे बांध घालून आणि मानशीच्या, म्हणजे पाणी अडवायच्या-सोडायच्या झडपेच्या, दारांनी भरती अडवून खाडीकडून घेतलेली जमीन. तिच्या पोटात काळा, मऊ, शिंपल्यांचा चिखल असतो, कधी चार मीटर, कधी बारा. पणजी ते रायबंदर या दलदलीतून पोर्तुगीजांनी १६३३-३४ मध्ये पोन्ते द लिन्यारिश हा बांधरस्ता बांधला आणि आजही त्यावरून वाहतूक चालते. पण रस्ता बसला तर वर एक थर चढवता येतो. घराला ती सोय नाही.

उतारावरच्या प्लॉटवर अर्धं घर कापलेल्या जांभ्यावर आणि अर्धं भरावावर असतं. तिथे भेग बरोबर त्या सीमेवर पडते. शेजारच्या आजोबांनी "हांगा पयलीं व्हाळ आसलो" (इथे आधी ओढा होता) म्हटलं की मला बोअर न मारताच पहिल्या दोन मीटरचा अंदाज येतो.

आता एक हिशेब करा, कारण माझ्या सगळ्या सांगण्याचा गाभा यात आहे. शेत भरताना दोन मीटर लाल माती टाकली. माती घनमीटरला साधारण १.८ टन, म्हणजे दर चौरस मीटरवर ३.६ टन. दहा बाय दहाच्या जागेवर ३६० टन. त्यावर बांधलेलं एकमजली चिऱ्याचं, स्लॅबचं घर? भिंतीच्या दर मीटरला पायासकट साधारण तीन टन धरा, साठ मीटर भिंती धरा: १८० टन. चिखलाला दाबणारं खरं ओझं घर नाही, भराव आहे. घराच्या दुप्पट. आणि भराव खाणीकडचा असेल तर आणखी जड.

चिखलातून पाणी निथळत जातं तसतसा तो बसतो आणि थर दुप्पट जाड असेल तर बसायला चौपट वेळ लागतो. हे मृदाशास्त्रज्ञ टेर्झागी यांनी १९२५ मध्येच मांडून ठेवलंय. म्हणून "आता दहा वर्षं झाली, बसायचं ते बसून गेलं असेल" हे उथळ चिखलावर खरं ठरू शकतं, खोलवर नाही.

पाचवी: खड्डा

जानेवारी ते एप्रिलमध्ये, भिंतीपासून मीटरभर लांब, एकच खड्डा. पायाचा तळ किती खोल, खाली काय, हे बघण्यापुरता. कमरेइतका खोल झाला की थांबा. छातीपर्यंत खणायचं तर बाजू टेकून धरायला माणूस आणि फळ्या लागतात, तिथून पुढे घरचं काम नाही. तळाशी बारा-सोळा मिलिमीटरची सळई हाताने दाबून बघा. अर्धा मीटर अशीच गेली आणि वर काळा, कुजक्या अंड्याच्या वासाचा चिखल चिकटून आला, तर हा लेख बाजूला ठेवून भूतंत्र इंजिनिअरला (माती आणि पाया तपासणाऱ्याला) फोन करा.

पावसाळ्यात पायालगत खणू नका. मुकादम कितीही छाती ठोकून सांगो.

सहावी: बोअर. इथून पुढे तुमचं काम नाही

पाईल निवडायचे तर मातीचा अहवाल पाहिजेच. निदान दोन बोअर: एक बसलेल्या कोपऱ्याशी, एक न बसलेल्या. दर दीड मीटरला एसपीटी, म्हणजे माती किती घट्ट ते बघायची ठोक्यांची चाचणी: ६३.५ किलोचा हातोडा ७५ सेंटिमीटरवरून टाकून सळई ३० सेंटिमीटर जायला किती ठोके लागतात ते मोजतात. चिखलात दोन-तीन ठोके येतात, घट्ट थरात तीसच्या वर.

एक गोष्ट कंत्राटात लिहूनच घ्या: कठीण लागल्यावर बोअर तिथे थांबवायचा नाही, त्या कठीण थरात आणखी तीन मीटर जायचं. जांभ्याचा पातळ पापुद्रा लागला की बोअरवाला "रॉक" लिहून मोकळा होतो, आणि खाली तीच साबणमाती. या एका ओळीने मी दोन घरं वाचवली आहेत. एक घर वाचवू शकलो नाही, कारण तिथे अहवाल आधीच झाला होता.

आता निवड

अहवाल हातात आल्यावर खरं तर फार पर्याय उरत नाहीत.

कठीण मुरूम किंवा जाड जांभा दोन-अडीच मीटरमध्ये मिळत असेल, तर पाईल विसरा. पायाखाली मीटर-सव्वा मीटर रुंदीचे खड्डे घेऊन काँक्रीट भरा. एक खड्डा घेतला की शेजारचे दोन सोडायचे, काँक्रीट पिकल्यावर मधले घ्यायचे. सगळी भिंत एकदम उघडी केली की भिंत येते खाली. जुनी पद्धत, पण आमच्या पठारी भागात हीच सगळ्यात स्वस्त आणि खात्रीची.

व्हिडिओतल्या दाबून घालायच्या नळ्या: यात घराचंच वजन वापरून हायड्रॉलिक जॅकने लोखंडी नळी खाली ढकलतात. मोठ्या काँक्रीट इमारतीला छान. आपल्या घराला? दर दोन मीटरवर एक नळी धरली तर तिच्या वाट्याला भिंतीचे सहा टन येतात. त्याहून जास्त जोर लावला तर नळी खाली न जाता भिंत वर येते. म्हणजे जेवढा भार तेवढीच चाचणी, हाताशी काही शिल्लक नाही. शिवाय जुन्या घरांचा पाया मातीच्या गाऱ्यात बसवलेल्या चिऱ्यांचा. त्याला कंस लावून उचलायला गेलं की एकेक चिरा सुटून येतो. गोव्यातल्या एकमजली जुन्या घरांना मी ही पद्धत सुचवत नाही.

स्क्रूसारखे फिरवून घालायचे पाईल हलक्या बांधकामाला चांगले. किती जोराने फिरतात त्यावरून भारक्षमता जागेवरच कळते. आयर्लंडच्या अलेक्झांडर मिचेल यांनी १८३० च्या दशकात हे काढलं ते चिखल-वाळूवर दीपगृह उभं करायला. मऊ मातीत, भराव स्वच्छ असेल तर वापरा. भरावात चिऱ्याचे तुकडे आणि दगड असले की पातं अडकतं नाहीतर वाकतं. आणि आमच्या भरावात दगड नसतात असं मी कधी पाहिलं नाही.

उरतो मायक्रोपाईल, आणि दहापैकी सात वेळा उत्तर हेच असतं. १५० ते २५० मिलिमीटरचं भोक ड्रिल करून आत लोखंडी नळी किंवा जाड सळई आणि सिमेंटचा ग्राऊट (पातळ घोळ). इटलीत फेर्नांदो लिझी यांनी १९५२ च्या सुमारास युद्धात खिळखिळ्या झालेल्या जुन्या इमारती सावरायला ही पद्धत आणली, म्हणजे तिचा जन्मच आपल्यासारख्या कामासाठी. यंत्र लहान, छताखाली मावतं, हादरे कमी, जांभा भेदतं. चिखलात भोक मिटू नये म्हणून केसिंग, म्हणजे भोकाच्या कडेला धरणारी नळी, लागतं. "केसिंगशिवाय होईल" म्हणणाऱ्याला नमस्कार करा. भिंतीच्या दोन्ही बाजूंना पाईल आणि जोत्याखालून आरपार काँक्रीटचा आडवा बीम, म्हणजे भार चिऱ्यावर एका जागी येत नाही.

जिथे पैसे बुडतात

फुटाच्या भावाने, ठरलेल्या खोलीचे पाईल. "बारा फूट पुरे" असं ठरवून घातलेले पाईल मी मेरशीकडे उघडे केलेत. त्यांचं टोक चिखलातच होतं. पाईलची खोली फुटांवर ठरत नाही, टोक कशात बसलंय त्यावर ठरते.

दुसरं, भराव पाईललाही खाली ओढतो. १५० मिलिमीटर पाईलचा घेर ०.४७ मीटर. सहा मीटर चिखल त्याला चिकटून खाली चालला आणि चिकटण्याचा जोर दर चौरस मीटरला दीड टन धरला, तर चार टनांहून अधिक जादा ओझं. वर भरावाचं वेगळं. सहा टनासाठी डिझाईन केलेल्या पाईलवर! डिझायनरला थेट विचारा, "भरावाची ओढ धरली का?" उत्तर द्यायला तो थांबला तर दुसरा बघा.

तिसरं, अर्ध्याच घराखाली पाईल घालणं. बसलेल्या कोपऱ्याखाली पाईल घातले, बाकी घर भरावावर तसंच. आता कोपरा थांबतो आणि बाकीचं खाली जातं. भेग उलटी होते. एका घरात मी स्वतः हे केलंय, पैसे कमी होते म्हणून मालकाच्या आग्रहाला मान देऊन. नंतर उरलेलं घर माझ्या मजुरीवर करून दिलं.

चौथं, लादी. पाईल भिंतींना धरतात, लादी भरावावरच असते आणि बसत राहते. ती पाईलवर टेकवायची तर स्लॅब घालावा लागतो, खर्च मोठा. बरेच जण लादी पाच-सात वर्षांनी उचलून पुन्हा बसवतात, आणि मला त्यात काही चूक वाटत नाही.

खाडीच्या खाऱ्या पाण्यात उघडं लोखंड ठेवू नका. ग्राऊटचं आवरण सगळीकडून असलंच पाहिजे. खाऱ्या पाण्यात सळईचं काँक्रीट एम ३० या प्रतीच्या खाली नको, काँक्रीटचं भारतीय मानक आयएस ४५६ तेच सांगतं. आणि विहिरीच्या खाऱ्या पाण्यात ग्राऊट कालवताना कोणी दिसला तर काम तिथेच थांबवा.

घर परत पातळीत येईल अशी आशा धरू नका. मातीच्या गाऱ्याच्या सांध्यातली चिऱ्याची भिंत उचलली की नव्या जागी तुटते. बसणं थांबलं की काम झालं.

लगेच थांबा आणि इंजिनिअर बोलवा

भेग १५ मिलिमीटरच्या वर गेली, किंवा आठवड्याभरात डोळ्यांना कळेल इतकी वाढली. काँक्रीटच्या खांबात किंवा बीममध्ये तिरकी भेग आली. भिंत ओळंब्याला सुटली. रात्री कडकड आवाज येतो. शेजारच्या प्लॉटवर तळघर खणायला घेतलं आणि तुमची भेग त्याच आठवड्यात उघडली. यातलं काहीही दिसलं तर पेन्सिल-काच बाजूला ठेवा, त्या खोलीत झोपू नका, आणि गवंड्याला नाही, स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा. सोबत भूतंत्र इंजिनिअर लागेल. दोघांची कामं वेगळी आहेत.

कंत्राट देताना भारचाचणी लिहून घ्या. पाईलचं भारतीय मानक आयएस २९११, त्याच्या चौथ्या भागाप्रमाणे कामातल्या पाईलवर डिझाईनच्या दीडपट भार. शेवटचा हप्ता एक पावसाळा उलटेपर्यंत हातात ठेवा, आणि काचपट्ट्या काम संपल्यावरही काढू नका. रंगाऱ्याला आधीच बजावून ठेवा, नाहीतर चवथीला तोच पहिल्यांदा त्या खरवडून काढतो.